विठोबा सोडून कोणीही

माझ्या बहिणीचं, विनीताचं, लग्न जवळपास ठरलं होतं. पोहे झाले होते, खोव्याची जलेबी झाली होती, मुलाने मुलीला आवडीनिवडी विचारून झाल्या होत्या आणि मुलीने त्या खोट्या सांगून झाल्या होत्या. आता उठायचं, चपला शोधायच्या आणि "कळवतो" म्हणायचं एवढंच उरलं होतं. तेवढ्यात गोंदियाहून आलेले भय्यासाहेब डाखोळे, म्हणजे मुलाचे वडील, कप खाली ठेवता ठेवता म्हणाले, "अच्छा, तुमचं देवक कोणतं जी?"

लग्नाच्या आधी देवक बसवतात. कुणाचा कळंब, कुणाचं उंबर, कुणाचं मोराचं पीस. दोन्ही घरांचं देवक एकच निघालं तर ती घरं भाऊबंद, आणि लग्न बाद. प्रश्न साधा होता. डाखोळ्यांचं उंबर होतं. बाबांनी नुसतं "उंबर नाही" म्हटलं असतं तरी भागलं असतं. पण माझे बाबा, अंबादास हिवसे, फॅक्टरीत तोफांचे सुटे भाग तपासतात. अर्धवट उत्तर त्यांना देताच येत नाही. ते उठले, देवघराखालच्या कपाटातून लाल फडक्यात बांधलेली एक वस्तू काढली आणि जलेबीच्या बशीशेजारी ठेवून फडकं सोडलं.

रेल्वेची हातबत्ती. गार्डच्या हातात असते ती. एका बाजूला लाल काच, दुसऱ्या बाजूला हिरवी.

"हे," बाबा म्हणाले.

भय्यासाहेबांनी ती खालून-वरून पाहिली. "हे काय आहे?"

"देवक."

"बत्ती?"

"आमच्यात हीच बसवतात. माझ्या लग्नात हीच होती. माझ्या बापाच्या लग्नात बी हीच."

मी मदत म्हणून सांगितलं, "लग्न लागेपर्यंत लाल ठेवतो. अक्षता पडल्या की हिरवी करतो."

हे खरं होतं. पण आईने माझ्याकडे असं पाहिलं की मी उरलेली जलेबी तोंडात घालून तोंडाचा प्रश्न सोडवला.

मग बाबांनी सगळंच सांगितलं. माझी पणजी अंजनी गोंदियाकडून जबलपुरात आली ती तुळशीरामला, म्हणजे माझ्या आजोबांना, कडेवर घेऊन. मूल कुणाचं हे तिने कुणाला सांगितलं नाही. पुढे फॅक्टरीतल्या गणपत हिवश्यांनी तिच्याशी लग्न केलं, पोराला आपलं नाव लावलं. देवक मात्र दिलं नाही. नाव काय, कोणालाही देता येतं, देवक रक्ताचं असतं, ते मी कुठून आणू, असं ते म्हणत. माणूस सरळ होता. अशा माणसांनी पुढच्या पिढ्यांना फार कामं लावून ठेवलेली असतात.

"पण बत्ती घरात होती," बाबा म्हणाले, "म्हणजे माझ्या बापाचा बाप रेल्वेत गार्ड असणार. छोट्या लाइनवर, नॅरोगेजच्या. ती तर गोंदियाहूनच येते."

हे सांगताना बाबांचा चेहरा उजळला होता. आयुष्यभर त्यांनी हा गार्ड मनात बाळगला होता. त्याला त्यांनी पांढरा गणवेश दिला होता, शिट्टी दिली होती, वेळेवर येण्याची सवय दिली होती. नाव तेवढं द्यायचं राहिलं होतं.

भय्यासाहेबांचा चेहरा मात्र विझत गेला.

"अंबादासजी," ते म्हणाले, "आमचे आजोबा विठोबा डाखोळे छोट्या लाइनवर गार्ड होते. गोंदिया ते जबलपूर."

बाबांनी बत्तीकडे पाहिलं.

"आणि आमच्या घरात बायका म्हणत," भय्यासाहेब आवाज खाली आणून म्हणाले, "की विठोबाचं जबलपुरात कोणीतरी आहे."

मुलगा मुरलीधर विनीताकडे पाहत होता. तो हळूच भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहू लागला. विनीताही कॅलेंडरकडे पाहू लागली. जे काही घडायचं होतं ते आता त्या कॅलेंडरवरच घडणार होतं.

जाताना भय्यासाहेब दारात थांबले. "मुलगी आम्हाला पसंत आहे. पण विठोबा जर तुमचा आजोबा असेल तर ही आमच्या घरातलीच पोरगी झाली. घरातल्या पोरीला सून कसं करावं? तुम्ही शोध लावा. दुसरा कोणी बी निघाला तर मला चालेल. कोणी बी. मी काही जुन्या विचारांचा नाही."

---

बाबा अस्वस्थ झाले की घरातले स्क्रू आवळतात. त्या आठवड्यात त्यांनी दारांच्या बिजागऱ्या आवळल्या, पंखे आवळले, कुकरचा दांडा आवळला. मग कडी इतकी आवळली की संडासात गेलेली आई आतून हाका मारत राहिली आणि बाबा बाहेरून विचारत राहिले, "पुष्पा, कोणत्या बाजूनं फिरवू?"

मधूनच ते थांबत आणि म्हणत, "विठोबाच असेल तर?" आणि मग, जरा वेळाने, कुणाला ऐकू जाणार नाही अशा बेताने, "नाव तरी समजलं असतं."

विनीता वेगळ्या रीतीने अस्वस्थ होती. ती वस्तू फेकत होती.

"काल त्याचा फोन आला," ती मला म्हणाली. "दोघं बी गप्प. मग तो म्हणतो, काय करून राहिली... ताई म्हणू का? गंमत केली म्हणे त्यानं! मी रडून राहिली अन् हा गंमत करून राहिला."

"मुलगा चांगला आहे," मी म्हणालो. "राख्या स्वस्त असतील आता. सीझन संपला."

कंगवा माझ्या कानाजवळून गेला.

"नीलू, हसून नको राहू. मला हाच पाहिजे. आतापर्यंत जे आले त्यातला एक पगार विचारत होता, एक उंची मोजत होता. हा पहिला, ज्यानं मला विचारलं की तुला जबलपूर सोडावं वाटते का. अन् तो हातून जाऊन राहिला, काहून? तर कोणाच्या पणजीनं कोणाचं नाव सांगितलं नाही म्हणून. तू बाप शोध."

"कुणाचा?"

"आजोबांचा. विठोबा सोडून कोणाचा बी आण."

मी रिछाईत कूलरच्या टाक्या करणाऱ्या एका कारखान्यात कामाला आहे. पावसाळ्यानंतर कूलर कोणी घेत नाही, त्यामुळे पणजोबा शोधायला हा काळ बरा असतो. मी मोटारसायकल काढली. आजवर आमच्या घरात या माणसाला कोणी शोधलं नव्हतं. आता एकदम तो हवा होता, आणि तोही अटी घालून. तो गोंदियाचा चालेल पण डाखोळे नको. रेल्वेतला शक्यतो नको. मेलेला असेलच, त्यामुळे त्याची हरकत येणार नाही, ही एक सोय होती.

मदन महलला एक निवृत्त तिकीट तपासनीस राहतात, आमच्याकडचेच. त्यांना छोट्या लाइनवरचे सगळे जुने लोक माहीत. मी त्यांना अडचण सांगितली. ते इकडेतिकडे पाहून म्हणाले, "माझे आजोबा सांग."

"तुमचे?"

"हो. काही हरकत नाही. ते काही कमी नव्हते. रंगेल माणूस."

आतून त्यांच्या बायकोचा आवाज आला, "यांचे आजोबा भंडाऱ्याच्या बाहेर कधी गेले नाहीत. त्यांना गाडी लागत होती."

तपासनीस खूप नाराज झाले. मी निघताना म्हणाले, "तरी बघ. ऑफर आहे."

तिथून मी ग्वारीघाटच्या छोट्या लाइनच्या स्टेशनावर गेलो, तिथून जबलपुरातल्याच गोरखपूरच्या बाजारात एका म्हाताऱ्या शिंप्याकडे, तिथून पुन्हा घरी, आणि घरी बसवेना म्हणून पुन्हा बाहेर. बाप कुठेच नव्हता. शेवटी आईने कुकरचा दांडा सैल करता करता विचारलं, "कुंडमच्या आत्यांना विचारलं का?"

कुंडमच्या आत्या म्हणजे नर्मदा आजी. अंजनी आणि गणपत यांची मुलगी, तुळशीराम आजोबांची बहीण. नवरा जंगल खात्यात होता म्हणून तिकडे गेली आणि तो गेल्यावरही तिकडेच राहिली. तिला कोणी विचारलं नव्हतं, कारण तिला विचारलं की ती खरं सांगते, आणि आमच्या घरात ती सवय कोणाला नाही.

---

बाबा मागे बसले. पूर्ण रस्ताभर सालाची झाडं होती आणि पूर्ण रस्ताभर बाबा माझ्या खांद्यावर बोट आपटून म्हणत होते, "आरसा ढिला आहे तुझा."

नर्मदा आजी अंगणात साठवणीतली मोहाची फुलं उन्हाला टाकून बसली होती. तिने आधी आम्हाला जेवायला घातलं, मग हात पुसले, मग म्हणाली, "बोल अंबादास. कोण मेलं?"

"कोणी नाही आत्या. विनीताचं लग्न अडलं." आणि बाबांनी तिला बत्तीपासून विठोबापर्यंत सगळं सांगितलं.

बत्तीचं ऐकून आजी इतकी हसली की तिला पाणी द्यावं लागलं.

"तुम्ही अजून ते डबडं बसवता?"

"डबडं?" बाबा म्हणाले.

"अरे, तुह्या बापाचं लग्न झालं तवा नवीन राज्य झालं होतं. गोंदिया बम्बईत गेलं, आपण मध्य प्रदेशात राहिलो. गोंदियाचे म्हातारे म्हणे, आता दुसऱ्या राज्यात जायाचं म्हणजे कोणाची परवानगी लागते का काय ते समजू द्या. अन् आलेच नाही. एक बी जाणता माणूस मांडवात नाही. पंडित होता रीवाकडचा. त्याले देवक म्हणजे काय ते माहीत नाही. तेवढ्यात पेट्रोमॅक्सची जाळी फुटली. काळोख. कोणतरी पळत मदन महल टेसनावर गेलं अन् ही बत्ती उचलून आणली. पाटावर ठेवली. उजेडासाठी रे! पंडित म्हणे, यही आप लोगों के देवता हैं क्या? माहा बाप घाईत, मुहूर्त जाऊन राहिला, तो म्हणे, हां हां, चलो चलो. पंडितानं वाहिलं हळदकुंकू. आता हळदकुंकू लागलेली वस्तू टेसनात कशी नेऊन ठेवाची? ठेवली घरात."

"म्हणजे आमचं देवक," मी म्हणालो, "रेल्वेचा चोरीचा माल आहे."

"उधारीचा," आजी म्हणाली.

बाबांच्या मनातला गार्ड, पांढरा गणवेश आणि शिट्टीसकट, त्या अंगणातून उठून चालता झाला होता. मी लहान असताना बाबा मला स्टेशनवर न्यायचे आणि प्रत्येक गार्डला हात करायला लावायचे. तेव्हा मला वाटायचं, बाबांना गाड्या आवडतात.

"मग कोण होता, आत्या?" शेवटी त्यांनी विचारलं.

आजी मोहाच्या फुलांवरून हात फिरवत राहिली. "पोरीचं लग्न अडलं म्हणतो ना? मग मले पोरीकडे ने. ते आधी."

---

भय्यासाहेब या वेळी पुरावा घेऊन आले. पुरावा म्हणजे विठोबा डाखोळ्यांची तसबीर. भारी चौकटीतली, काचेची, गोंदियाहून मांडीवर धरून आणलेली. मुरलीधरच्या मांडीवर तिचा चौकोनी वळ उठला असणार, कारण तो सारखा पँट चोळत होता.

तसबीर भिंतीवरच्या तुळशीराम आजोबांच्या फोटोशेजारी धरण्यात आली. सगळे उभे राहिले. नाक जुळत नव्हतं. कपाळ जुळत नव्हतं. मिशा दोघांनाही होत्या, पण त्या काळात त्या सगळ्यांनाच असत.

"कान," भय्यासाहेब म्हणाले. "आमच्यात कान वेगळे असतात. पाळी चिकटलेली. बघा."

सगळ्यांनी कान पाहिले. आजोबांचे कान फेट्यात होते. मग बाबांचे पाहिले, सुटे. माझे पाहिले, सुटे. विनीताने केस मागे घेतले, सुटे. भय्यासाहेबांनी निःश्वास सोडला, आणि त्याच क्षणी मुरलीधर म्हणाला, "आईंचे."

आईचे कान हुबेहूब विठोबांसारखे होते.

"मी बैतूलची आहे," आई म्हणाली. पण एकदा सगळ्यांनी कानाकडे पाहिल्यावर माणसाला ते पटवून देणं अवघड जातं. तिने पदर डोक्यावर घेतला.

आता विठोबाने जबलपूर सोडून बैतूललाही काही केलं असेल का, यावर चर्चा वळणार होती. तेवढ्यात कोपऱ्यात बसलेली नर्मदा आजी म्हणाली, "ती तसबीर इकडे आणा."

मी ती तिच्या मांडीवर ठेवली. बत्तीची हकीकत तिने भय्यासाहेबांना आधीच सांगितली होती. त्यांना ती पटली होती, पण पुरली नव्हती. बत्ती गेली, बायका म्हणत होत्या ते राहिलं.

आजीने काच पदराने पुसली. "उंच होता ना हा?"

"होते. चांगले उंच."

"पेढे आवडत होते?"

भय्यासाहेब चमकले. "तुम्हाला कसं माहीत?"

"मंग तोच. आला होता हा, आमच्या आईकडे. पेढे घेऊन. म्हणे, माह्यासंगं चल. आई म्हणे, नाही."

खोलीत पंखा फिरत होता. बाबांनी आवळल्यामुळे त्याचा आवाजही येत नव्हता.

"नाही?" भय्यासाहेब म्हणाले.

"पेढे ठेवून घेतले. याले नाही म्हणे. अन् ऐका, तवा तुळशीराम तिच्या कडेवर होता. तुमच्या आज्यानं विचारलं, हे पोरगं कोणाचं? आता मले सांगा, ज्याचं पोरगं असते त्याले असं विचारावं लागते का?"

विनीताने श्वास रोखून धरला होता तो सोडला. मुरलीधर हसला. प्रश्न सुटला होता, स्वच्छ, एखाद्या गणितासारखा. फक्त भय्यासाहेब खुर्चीतून उठले आणि येरझाऱ्या घालू लागले.

"नाही कसं म्हणाली?"

"तोंडानं," आजी म्हणाली.

"आमच्या आजोबांना तुमसरपासून सोयरिकी येत होत्या! गार्डची नोकरी होती! घरी शेती होती!"

"असन. आमच्या आईला नाही पाहिजे होता."

"बाबा," मुरलीधर म्हणाला, "म्हणजे आपण यांचे नातेवाईक नाही. चांगलंच झालं ना?"

"तू गप्प बस! इथं आजोबांना नकार आला अन् तू चांगलं झालं म्हणून राहिला!"

ते खिडकीपर्यंत गेले, परत आले. लहानपणापासून त्यांनी एक रंगेल आजोबा जपले होते. घरातल्या बायका पदराआड ज्याच्यावर हळू बोलत, तो. आणि आता तो जबलपूरच्या कुठल्याशा गल्लीत रिकाम्या हाताने उभा होता, पेढेसुद्धा गेलेले. बाबा त्यांच्याकडे पाहत होते. मला वाटतं, त्या खोलीत भय्यासाहेबांचं दुःख कळणारे ते एकटेच होते. त्यांनी उठून भय्यासाहेबांना पाणी दिलं.

भय्यासाहेब पाणी प्यायले आणि त्यांनी पेला ठकदिशी ठेवला.

"अंबादासजी. तुमच्या घरानं डाखोळ्यांना एकदा नाही म्हटलं आहे. दुसऱ्यांदा मी म्हणू देणार नाही."

"आम्ही कुठं नाही म्हणून राहिलो?" बाबा म्हणाले.

"मग हो म्हणा."

"हो."

"लेखी नको, पण चार लोकांसमोर म्हणा."

आम्ही चार लोक समोरच होतो. बाबा पुन्हा म्हणाले, "हो." मग भय्यासाहेब विनीताकडे वळले. "आणि बेटा, तुझं?"

"हो," विनीता इतक्या पटकन म्हणाली की आईने पदराआडून तिला चिमटा काढला.

देवकाचं काय करायचं, असं मी विचारलं. आजी म्हणाली, इतकी वर्षं हळदकुंकू खाल्लं त्या बत्तीनं, आता तीच तुमची. भय्यासाहेबांनी त्यावर हात हलवला. त्यांना देवकात आता रस नव्हता. ते तसबिरीकडे पाहत होते, आणि पुटपुटत होते, "पेढे तरी परत करायचे."

---

दुसऱ्या दिवशी आजीला कुंडमच्या बसमध्ये बसवायला मी निघालो, तेव्हा बाबा फाटकापर्यंत आले. गाडीच्या हँडलवर हात ठेवून म्हणाले, "नीलू, तिला विचारून घे. खरा कोण होता ते. मला नाही विचारवत. विचारलं की लगेच फोन कर."

बसमध्ये मी आजीची पिशवी वर ठेवली, तिला खिडकीची जागा मिळवून दिली आणि शेजारी बसलो. ड्रायव्हर खाली चहा पीत होता.

"आजी, पणजी त्या विठोबाला काय म्हणाली होती, नेमकं? शब्दात?"

"मले काय माहीत?"

"म्हणजे?"

"मी तवा जन्मली बी नव्हती रे. तुळशीराम कडेवर होता तवा मी कुठून येऊ? माह्या बापाचं लग्न तर त्यानंतर झालं."

काल त्या खोलीत एवढे लोक होते. तोफांचे भाग तपासणारा एक माणूस होता. कानाच्या पाळ्या मोजणारा एक माणूस होता. कोणाच्याही डोक्यात हे आलं नव्हतं.

"अन् पेढे?"

"पेढे कोणाले आवडत नाही?"

"म्हणजे विठोबा असू शकतो."

"असू शकते. नसू बी शकते. माह्या आईला मी ओळखतो रे बाबू. ती सगळ्याले नाही म्हणत होती. माह्या बापाले सुद्धा आधी नाहीच म्हणे, तो फॅक्टरीतून सुटला की रोज येऊन दारात बसत होता म्हणून शेवटी भाजी निवडायला बसवलं त्याले. हा विठोबा आला असता तर त्याले बी नाहीच म्हटली असती. मंग खोटं काय बोलली मी?"

ड्रायव्हर चढला. इंजिन थरथरलं आणि खिडक्यांच्या काचा वाजू लागल्या. माझ्या खिशात फोनही थरथरू लागला.

"आजी, बाबांना काय सांगू? ते नाव विचारून राहिले. खरा कोण होता?"

आजीने खिडकीतून बाहेर पाहिलं. मग माझ्याकडे, नीट, वरपासून खालपर्यंत, जसं भय्यासाहेबांनी तसबिरीकडे पाहिलं होतं.

"तुह्यं ठरलं का कुठं?"

"माझं? नाही."

"मंग घाई काहून करतो? तुह्यं ठरू दे. पोरीकडचे लोक कसे हायत ते पाहू. त्याईले कोण चालन ते पाहू. मंग सांगतो."

कंडक्टरने मला खाली उतरवलं. बस सुटली, आजीने खिडकीतून हात केला. मी स्टँडवर उभा राहून फोन बाहेर काढला. बाबाच होते. तो वाजून बंद झाला, आणि मी खिशात ठेवेपर्यंत पुन्हा वाजू लागला.